रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, मग हाडं ठिसूळ कशी?

हा गोंधळ खूप जणांचा होतो, ब्लड रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं की हाडंपण ठणठणीत असणार असं धरून चालतात. अहो, तो आकडा रक्ताचा असतो, हाडांचा नाही! शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत नि दातांत असतं, रक्तात अगदी चिमूटभर, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आखडणं-सैल होणं त्या चिमटीवरच चालतं, म्हणून शरीर ती पातळी हलू देत नाही. जेवणातून कमी पडलं की गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात येतं. रिपोर्ट झकास आणि हाड आतून विरळ, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. हाडांची घनता कळते ती डेक्सा स्कॅनमध्ये.

बरं, हाड म्हणजे नुसतं कॅल्शियमपण नाही. चिकनचं साफ केलेलं बारीक हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, खनिजं विरघळून जातात, उरतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन, आणि हाड चक्क रबरासारखं वाकतं. उलट हाड जाळलं तर कोलॅजन जातं, खनिज उरतं, आणि बोटाने दाबलं तरी भुगा होतो. म्हणजे कडकपणा खनिजांचा, चिवटपणा कोलॅजनचा. त्या कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधायला तांबं लागतं, अगदी थोडंसं, पण लागतं.

हाडातल्या खनिजांपैकी फॉस्फरसची काळजी सहसा नको, तो जेवणातून भरपूर मिळतो. दुर्लक्ष होतं ते मॅग्नेशियमकडे. शरीरातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम हाडांत असतं, शिवाय ड जीवनसत्त्व कामाला लागतं तेही त्याच्याच मदतीने, आणि ड नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही.

आता पालक. कॅल्शियम आहे त्यात, पण पालकातलाच ऑक्झलेट नावाचा घटक त्याला धरून ठेवतो, त्यामुळे जेमतेम 5 टक्के अंगी लागतं, दुधातलं साधारण 30 टक्के. खारट खाणाऱ्यांचं अजून वेगळंच, मीठ जास्त झालं की किडनी ते लघवीतून बाहेर टाकताना सोबत कॅल्शियमपण घालवते.

गोळ्या घेत असाल तर एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम घेऊन फारसा उपयोग नाही, डोस जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून दोनदा विभागून घ्या, आणि आयर्नची गोळी चालू असेल तर दोन्ही एकदम गिळू नका, कॅल्शियम आयर्नचं शोषण अडवतं.