पार्श्वभूमी : चिमणी बसली, ती झाडायची कोणी?

सिव्हिल लाइन्समधल्या काही जुन्या बंगल्यांत भिंतीतली शेकोटी आणि वर कौलातून डोकावणारे धुराडे होते. नागपूरची थंडी मात्र फार तर दोन महिन्यांची, त्यामुळे त्या धुराड्यांत काजळी साचायला फारसा वाव नव्हता. लंडनमध्ये त्याच काजळीने चिमणीत चढणाऱ्या पोरांचे बळी घेतले आणि १८७५च्या कायद्यानंतर कुठे ती प्रथा संपली. आपल्याकडे काजळीचा प्रश्न बाराही महिने पेटणाऱ्या चुलीत होता, आणि तिला चिमणी मिळाली ती फार उशिरा.

१९४०च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली, पुढच्या दशकात हैदराबादेतूनही एक नमुना आला. पण घरोघरी पाइप पोहोचला तो १९८३ नंतर, केंद्राच्या निर्धूर चूल योजनेतून. मातीची दोन तोंडांची चूल, मागे सिमेंटचा पाइप, वर टोपी. काटोल-सावनेरकडच्या कपाशीच्या गावांत तिच्यात पऱ्हाटी जळायची, तुराट्या जळायच्या, पावसाळ्यात तर अर्धवट ओले सरपणही.

घोळ नेमका इथेच होता. ओल्या लाकडातली उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, जाळ धुमसत राहतो आणि न जळलेले वायू धुराबरोबर वर चढतात. उरलीसुरली धग मागचे भांडे घेते. धूर साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबरी अंश पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटतात. हेच क्रिओसोट. सुरुवातीला ते भुसभुशीत, बोटाने निघणारे असते. मग खडे धरते, आणि शेवटी चकचकीत काळे कवच होते, ते ब्रशाला दाद देत नाही. थर तीन मिलिमीटरचा झाला की झाडावाच, कारण त्याला ठिणगी लागली तर चिमणीतली आग हजार अंशांवर जाते. चुलीच्या तीन-चार इंची पाइपात आगीआधीच ओढ कमी होते, आणि धूर उलटा खोलीत येतो.

पाइप झाडायचा म्हणजे वर चढायचे. कवेलूच्या छपरावर पाय ठेवला की दोन-चार कवेलू फुटलेच. म्हणून वरची सफाई शाकारणीपर्यंत, म्हणजे वर्षभर, लांबायची. टोपीत घरटे, सांध्यातून भिंतीवर काळे ओघळ. शेवटी कुणीतरी पाइपच काढून टाकायचे. धूर गेल्याने वाशांना कीड लागते, अशी म्हाताऱ्यांची तक्रार होती ती वेगळीच, आणि अगदी खोटीही नव्हती.

२००२ मध्ये केंद्राने योजना गुंडाळली. तोवर देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या होत्या. त्या निर्णयावर अजूनही दोन तट आहेत. एका बाजूचे म्हणणे, चूल टिकत नव्हती, पाइप तुंबत होता, अनुदान वाया जात होते. दुसरी बाजू म्हणते, मोजमाप किती चुली बांधल्या याचेच झाले. सहा महिन्यांनी पाइप झाडला का, हे कुणाच्याच कामात नव्हते. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. तुंबलेल्या पाइपाचा दोष पाइपाला द्यायचा असेल, तर तुंबलेल्या नाल्यांमुळे नालेच बंद करावे लागतील. पाइपाच्या बुडाशी झाडण्यापुरते तोंड आणि दोरीला बांधलेला फडक्याचा बोळा, एवढ्याने छपरावर न चढता बरेच काम झाले असते.

२००९ नंतर पंख्याच्या, चिमणी नसलेल्या चुलींचा जोर झाला. मे २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर आले. तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत लाकडावरच तापते, आणि तिथे पाइप नाही. शहरातल्या फ्लॅटमधल्या ‘चिमणी’त साचते ते तेल, क्रिओसोट नव्हे, त्याला जाळी गरम पाण्यात भिजवून धुणे पुरते.

आता शहराबाहेरच्या काही फार्महाउसमध्ये शेकोटी परत आली आहे, हौसेची. हिवाळ्यात जेमतेम पेटणारी, त्यामुळे धुराडे थंडच, आणि लाकूड बहुधा बागेत नुकतेच छाटलेले. क्रिओसोट धरायला एवढे पुरते. लाकूड फोडून, वर झाकून, बाजूंनी वारा लागेल असे किमान एक उन्हाळा ठेवले, तर ओल २० टक्क्यांखाली येते. आणि नागपूरचा उन्हाळा या कामाला चांगलाच उपयोगी आहे.