पाळकाची दीर्घ रजा (ग्रामीण विदर्भ)

दीक्षा मिळालेल्या ख्रिस्ती पाळकाने (पास्टरने) पद न सोडता आणि आपल्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, संमतीने काही महिने उपदेश, संस्कार, घरभेटी व कारभार या सगळ्यांतून बाजूला राहणे, याला पाळकाची दीर्घ रजा किंवा सबॅटिकल म्हणतात. वार्षिक सुटी आणि आजारपणाची रजा यांहून ती वेगळी. थकव्यातून सावरणे, वाचन, प्रार्थना आणि कुटुंबाला वेळ देणे हा तिचा हेतू. कालावधी बहुधा तीन महिने, क्वचित वर्षभर. काही चर्चसंस्थांच्या नियमांत तिची तरतूद आहे. विदर्भाच्या खेड्यांत मात्र ती अजून रुळलेली नाही. त्याचे कारण श्रद्धेत शोधण्यापेक्षा कामाच्या वाटणीत शोधावे. एकाच माणसावर इतके सोपवलेले असते की तो उठला तर काय काय अडेल, याचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो.

शास्त्राधार आणि नियम

या रजेसाठी सर्वांत जास्त सांगितला जाणारा आधार बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायाचा. सहा वर्षे पेरणी करावी, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, असा तो नियम. निर्गमाच्या 23व्या अध्यायात हाच नियम येतो आणि त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे, अशी भर पडते. जमिनीचा नियम माणसाला लावणे हा अर्थातच नंतरचा विस्तार आहे. पाळकाच्या स्थितीला अधिक जवळचे उतारे दुसरे आहेत. निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेला पाहतो, तू आणि तुझे लोक दोघेही थकून जाल असे बजावतो आणि हजार, शंभर, पन्नास व दहा माणसांवर नायक नेमायला लावतो. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती. पण ते मचव्यातून निघालेले लोकांनी पाहिले आणि पायी धावत त्यांच्या आधीच तिकडे जाऊन पोहोचले. खेड्यातल्या पाळकाला या उताऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

संस्थात्मक रूपात ही रजा आधी विद्यापीठांत आली. हार्वर्ड विद्यापीठाने 1880 मध्ये प्राध्यापकांसाठी ती सुरू केली आणि पुढच्या शतकात पाश्चात्त्य चर्चसंस्थांनी ती आपापल्या नियमांत घेतली. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये सेवेच्या दहा वर्षांनंतर आणि पुढे दर सात वर्षांनी तीन महिन्यांची रजा मिळते. रोमन कॅथलिक पंथाच्या 1983च्या धर्मसंहितेत धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पुरोहिताला वर्षाकाठी जास्तीत जास्त एक महिना सुटी दिली आहे (नियम 533). दीर्घ रजेचा निर्णय मात्र बिशप किंवा धर्मसंघाचा वरिष्ठ घेतो. वाशीम आणि बुलढाणा भागात ज्याच्या मंडळ्या आहेत त्या नाझरीन चर्चचे नियमपुस्तक याबाबत बरेच स्पष्ट आहे. एकाच मंडळीत सलग सात वर्षे सेवा झाली की पाळकाच्या रजेचा विचार चर्चच्या कारभारी मंडळाने करावा, त्या काळात पगार चालू ठेवावा आणि उपदेशाला दुसऱ्या कोणाची सोय पाहावी, असे ते सुचवते. सुचवते, बंधन घालत नाही. सगळा फरक तिथेच पडतो.

मिशनची सुटी, पाळकाची बदली

विदर्भात प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगवेगळ्या मिशनांनी वसवल्या: नागपूर, वर्धा, भंडारा या बाजूला स्कॉटिश मिशन, वऱ्हाडात अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळ परिसरात फ्री मेथडिस्ट, मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारे मिशन. या सर्वांत एक गोष्ट समान होती. परदेशी मिशनऱ्याला काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी जाण्याची ठरलेली रजा असे, तिला फर्लो म्हणत. जहाजाचे भाडे, मायदेशातला निर्वाह, परतल्यावर काम या सगळ्यांची तजवीज मिशन करी. याशिवाय उन्हाळ्यात थंड हवेची ठिकाणे होतीच. कोडाईकनाल तर मदुराईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1845 मध्ये याच गरजेपोटी वसवले आणि 1901 मध्ये तिथे मुलांसाठी शाळाही काढली.

देशी पाळक, सुवार्तिक आणि घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या ‘बायबलबाया’ यांना या व्यवस्थेत जागा नव्हती. मिशनरी फर्लोवर गेला की त्याचा भारही बहुधा त्यांच्याच खांद्यावर येई. त्यांना जागाबदल मिळे तो बदलीच्या रूपाने, आणि बदली म्हणजे विसावा नव्हे. नवी मंडळी, नवे तंटे, मुलांची नवी शाळा. आज एखाद्या पाळकाने तीन महिने मागितले की ‘बदली मागा ना’ असे वडीलधारी सहज सुचवतात, त्यामागे हेच जुने वळण आहे.

मिशनऱ्यांनाही सगळी मोकळीक फर्लोतूनच मिळे असे नाही. 1845 मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप शाळा आणि उपदेश सांभाळून जीवाश्म व खडक गोळा करीत; हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. आठवड्यातला एखादा दिवस दुसऱ्याच कामात रमणे हाही विसाव्याचा एक प्रकार आहे, आणि गावातल्या पाळकाला तीन महिन्यांपेक्षा तो आधी परवडण्यासारखा आहे.

कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरण या संदर्भात कधीकधी दिले जाते, पण ते इथे लागू पडत नाही. नागपुरात काही वर्षे काढलेल्या आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ती रजा नव्हती, संन्यास होता. परत येण्याची गोष्ट त्यात नव्हती.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन सहा चर्चसंस्था एक झाल्या. कारभार भारतीयांकडे आला, परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली. फर्लोची व्यवस्था त्यांच्यासोबत निघून गेली आणि तिच्या जागी पाळकांसाठी तितकी निश्चित व्यवस्था उभी राहिली नाही. प्रशिक्षणाचेही तसेच. यवतमाळला 1953 पासून असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला हलली. त्यामुळे दोन-तीन महिने अभ्यासात घालवू पाहणाऱ्या वऱ्हाडातल्या पाळकाला घरापासून बराच लांबचा प्रवास करावा लागतो.

रजा केव्हा घ्यायची

कागदावर कोणतेही तीन महिने सारखेच. शेतीवर जगणाऱ्या मंडळीत तसे नसते. नोव्हेंबरपासून कापूस घरात येऊ लागतो, हातात पैसा खेळतो, नाताळ येतो आणि त्यापुढे हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना. तिथे लोक धान्य, कोंबड्या, भाज्या आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. मंडळीचे वर्षाचे गणित बव्हंशी या महिन्यांवर उभे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवासकाळ, मग उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर). एप्रिल-मे हे लग्नसराईचे, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाचे. उरतात मध्य जून ते सप्टेंबर.

पावसाळ्यातल्या या रजेला दोन अडचणी आहेत. पेरणीपासून डवरणी-निंदणीपर्यंत घरातला पैसा शेतात गेलेला असतो आणि दानपेटी वर्षभरात सर्वांत हलकी असते. त्यातूनच पाळकाचे मानधन आणि पाहुण्या उपदेशकाचे भाडे, दोन्ही काढायचे. दुसरी अडचण मुलांची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे कुटुंबासह गावाबाहेर राहायचे तर मे महिना, आणि मेमध्ये लग्ने. तडजोड म्हणून काहीजण रजेचे तुकडे करतात: लग्ने आटोपली की जूनमध्ये तीन आठवडे कुटुंबासह, मग ऑगस्टमध्ये महिनाभर एकट्याने. तुकड्यांच्या रजेत थकवा जातो, पण मनातला मंडळीचा हिशेब थांबत नाही. सलग आठ आठवडे तीन वेळच्या चार आठवड्यांपेक्षा उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मागे काय उरते

ग्रामीण पाळकाकडे बहुधा एकच गाव नसते. मुख्य चर्च तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी आणि भोवती दुचाकीच्या अंतरावर लहान मंडळ्या. कुठे वीस घरे, कुठे चार. रविवारी दोन-तीन ठिकाणी उपासना, आठवड्यात घरभक्ती, आजाऱ्यांच्या भेटी, दवाखान्यात सोबत, जातीच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत तहसिलीतल्या खेपा, सावकाराशी किंवा सोयरिकीतल्या भांडणात मध्यस्थी. शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात पहिल्या रात्री बसायला गावात ज्यांना बोलावतात त्यांत पाळक असतो. नियमावलीत यातले फारच थोडे सापडते.

रविवारच्या उपासनेची सोय सर्वांत सोपी. मंडळीतले वडील, निवृत्त शिक्षक, तरुण संघातला एखादा जण उपासना चालवतो. प्रवचन कधी आखूड होते, आणि त्याबद्दल फारशी तक्रार ऐकू येत नाही. भाकर व द्राक्षरस वाटण्याच्या प्रभुभोजन विधीसाठी मात्र चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या संस्थांत दीक्षित सेवकच लागतो. तेव्हा शेजारच्या पास्टोरेटचा (पाळकक्षेत्राचा) पाळक महिन्यातून एका रविवारी येतो आणि बाप्तिस्मे त्याच दिवसावर ठेवले जातात.

लग्नाला कायदा आड येतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 नुसार विवाह लावण्याचा अधिकार ठरावीक दीक्षित किंवा परवानाधारक व्यक्तींना आणि विवाह निबंधकाला आहे. विवाहाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात, नोंद रजिस्टरात. त्यामुळे रजेवर जाताना पाळकाने करायच्या कामांत लग्नाचे रजिस्टर कोणाकडे सोपवायचे हे अगदी वर असते. ते कपाटात कुलूपबंद राहिले तर वऱ्हाडी दारात उभे असताना किल्लीसाठी फोन येतो आणि रजा तिथेच मोडते.

दफन थांबत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर काही तासांचा प्रश्न असतो. शेजारचा पाळक चाळीस किलोमीटरवर असेल तर प्रार्थना मंडळीतल्या वडिलांनी करायची हे आधीच जाहीर करावे लागते. नाहीतर शोकात असलेल्या घराला आपल्या माणसाला कमी लेखल्यासारखे वाटते, आणि ही सल वर्षानुवर्षे निघत नाही.

पाळकाचे घर चर्चच्या आवारात असते, बहुधा जुन्या मिशन कंपाउंडमध्ये. तिथे राहून रजा घेता येत नाही. दारासमोरून लोक प्रार्थनेला जातात, ‘जय ख्रिस्त, साहेब’ म्हणतात, आणि एवढ्यावर कोणी थांबत नाही. म्हणून रजेवरचा पाळक गाव सोडतो: सासुरवाडी, नागपूरला भावाकडे, एखाद्या आश्रमात, परवडले तर चिखलदऱ्याला काही दिवस. पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम अशा एकांतवासासाठी मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित आहे. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तेवढ्या काळापुरते बाहेर पडणे हा आता रजेचा भागच धरला पाहिजे. तो ग्रुप चालू असेल तर गाव सोडून फारसे काही साधत नाही.

पत्नीचा उल्लेख ठरावांत सहसा येत नाही. महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुण्यांचा चहा, बाळंतिणीची विचारपूस ही तिची कामे. मानधन एकाचे, काम दोघांचे. पाळक रजेवर आणि पत्नी आवारातच, ही अर्धवट रजा विदर्भातच नव्हे, सर्वत्र आढळते. तिच्या कामाची वेगळी वाटणी केल्याशिवाय ठराव पूर्ण झाला असे मानू नये.

संशय, परतणे

रजेची घोषणा झाली की गावात अर्थ लावले जातात. ‘साहेबायचं अन् कमिटीचं वाजलं वाटते’, ‘नागपूरले दुसरी मंडळी पाहून रायले’, किंवा पैशांचा घोळ. शेजारच्या वस्तीत बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आणि हिंदू घरांतला चातुर्मास ओळखीचा असतो. पण वर्षावासात भिक्खू एका ठिकाणी राहून उपदेश करतो, म्हणजे लोकांना तो अधिक मिळतो. पाळकाच्या रजेत तो मिळेनासा होतो. अफवा आवरण्याचा उपाय साधा आहे. निघण्याची व परतण्याची तारीख, कोण काय करील, मानधन चालू आहे की नाही, हे सर्व लेखी ठरावात घ्यावे आणि तो सलग दोन-तीन रविवारी वाचून दाखवावा. बिशप किंवा चर्चच्या जिल्हा अधीक्षकाने स्वतः येऊन सांगितले तर आणखी बरे.

परतणे सोपे नसते. मधल्या काळात उपासनेची वेळ बदललेली असते, एखाद्या वडिलांचा उपदेश लोकांना आवडू लागलेला असतो, दोन घरे दुसऱ्या प्रार्थनागटाकडे गेलेली असतात. काही पाळक आल्याबरोबर सगळे पूर्ववत करतात आणि वर्षभरात पुन्हा तितकेच थकतात. वडिलांकडे गेलेली कामे त्यांच्याकडेच ठेवणारे थोडे. इथ्रोचा सल्ला रजेपुरता नव्हता, हे त्यांना कळलेले असते. कधी पाळक परतत नाही, रजेच्या अखेरीस राजीनामा येतो. अशा प्रकरणांचे खापर रजेवर फोडण्याची सवय आहे; बहुधा तो निर्णय निघण्याआधीच झालेला असतो आणि रजेने त्याला फक्त सवड दिलेली असते.

स्वतंत्र मंडळ्यांची अडचण निराळी. गेल्या काही दशकांत तालुक्याच्या गावांतून उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) वळणाच्या अनेक मंडळ्यांवर ना बिशप असतो ना अधीक्षक. प्रार्थनेची जागा बहुधा पाळकाचे घर किंवा त्याने भाड्याने घेतलेला हॉल, आणि सभेला लोक येतात तेही त्याच्या प्रार्थनेसाठी. त्याच्या जागी पाठवायला शेजारचा पाळक नसतो; रजा मंजूर करणारा आणि मागणारा एकच. तिथे रजा शक्य होते ती दोन-तीन स्वतंत्र पाळकांनी आपसांत ठरवून एकमेकांच्या सभा सांभाळल्या तर, आणि त्यासाठी आपली माणसे दुसऱ्याकडे वळतील ही भीती आधी बाजूला ठेवावी लागते.