हजार तारा, दहा फेऱ्या

मोटारीचं वायरिंग गाडीत एकेक तार ओढून बसवत नाहीत. तारा आधीच मापाने कापून, टोकांना टर्मिनल दाबून, कनेक्टरांत खोचून त्यांची टेप गुंडाळलेली तयार जुडी बनवतात. हीच वायरिंग हार्नेस. लवचिक तारा हाताळणं यंत्राला अवघड जातं, त्यामुळे हे काम आजही बरंचसं हातानेच होतं. मग एखादी पिन शेजारच्या खाचेत जाते, एखादी अर्धवट बसते, टोचलेलं इन्सुलेशन शेजारच्या तारेला शॉर्ट करतं.

तुटलेली तार शोधणं सोपं: एका टोकाला दिलेली वीज दुसऱ्या टोकाला पोचत नाही. खरी डोकेदुखी शॉर्टची, कारण कुठलीही तार कुठल्याही तारेला चिकटलेली असू शकते. हजार स्वतंत्र तारांच्या जोड्या होतात ४,९९,५००. मल्टिमीटर घेऊन प्रत्येक जोडीला एकच सेकंद दिला तरी अहोरात्र बसून जवळजवळ सहा दिवस जातील.

स्वयंचलित टेस्टर एक तार एका बाजूला आणि बाकीच्या सगळ्या एकत्र दुसऱ्या बाजूला धरतो, की काम हजार मोजण्यांच्या आत येतं. पण याहून देखणी युक्ती संगणकशास्त्रज्ञ विल्यम कॉट्झ यांनी १९७४ साली मांडली. प्रत्येक तारेला द्विमान पद्धतीतला, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेला क्रमांक द्यायचा. हजार तारांना दहा अंक पुरतात, कारण २ चा दहावा घात १०२४. पहिल्या फेरीत ज्यांचा पहिला अंक १ त्या तारांना व्होल्टेज द्यायचं, ० असलेल्यांना ग्राउंडला जोडायचं. दुसऱ्या फेरीत दुसरा अंक बघायचा. कुठल्याही दोन तारांचे क्रमांक निदान एका अंकात तरी वेगळे असतातच, म्हणून दहातल्या एखाद्या फेरीत त्या समोरासमोर येतात आणि शॉर्ट असेल तर तिथे प्रवाह वाहतो. नेमक्या कुठल्या दोन तारा, हे शोधायची वेळ फक्त सदोष हार्नेसवरच येते.

कमी व्होल्टेजला मात्र सगळं दिसत नाही. सोललेल्या दोन तारांमध्ये ०.१ मिलिमीटर हवा असली तरी टेस्टर खुशाल ‘पास’ म्हणेल. एवढी फट ओलांडायला हजारएक व्होल्ट लागतात, आणि साधारण ३३० व्होल्टच्या खाली हवेत ठिणगी पडतच नाही म्हटलं तरी चालेल. विमानांच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या हार्नेसना म्हणूनच उच्च व्होल्टेजची चाचणी देतात. तेव्हा प्रवाह अगदी मर्यादित ठेवतात, नाहीतर तपासणीतच माल जळायचा.

क्रिम्पमधले, म्हणजे टर्मिनल दाबून बसवलेल्या जोडातले, तारेचे तुटलेले धागे याहून लबाड. एक धागा शाबूत असला तरी चाचणीचा इवलासा प्रवाह आरामात जातो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या मीटरभर तांब्याचा रोध जेमतेम १७ मिलिओहम. तो मोजताना टेस्टरच्या स्वतःच्या तारांचा रोध मध्ये येऊ नये म्हणून दोन तारांनी प्रवाह सोडतात आणि वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज वाचतात. तरीही क्रिम्पची मजबुती विजेने कळत नाही. त्यासाठी नमुन्यादाखल काही तारा ओढून उपटाव्याच लागतात.

आणखी एक गंमत. कुठली पिन कुठे जोडलेली हवी, हे अनेक टेस्टर एका चांगल्या हार्नेसवरून शिकतात. तोच नमुना चुकीचा असेल, तर चुकीच्या हार्नेस बिनबोभाट पास होतात आणि बरोबर बांधलेल्या नापास. म्हणून शिकलेला तक्ता मूळ आराखड्याशी ताडून पाहिल्याशिवाय टेस्टर कामाला लावत नाहीत.