कँटीनची रम थंडीवरचं औषध नाही
धुळे-जळगावच्या कॉलनीत काय अन् खेड्यात काय, एक समज पक्का बसलाय: फौजी कँटीनची रम औषधी असते, थंडीत ऊब देते. काही माजी सैनिक, टेरिटोरियल आर्मीतले जवानही तेच सांगतात, म्हणून लोक डोळे झाकून मानतात. हे चूक आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटतं, पण आतली उष्णता निघून जाते, हुडहुडीही दबते. रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी भरणाऱ्याच्या हे जिवावर बेतू शकतं. कँटीनची बाटली स्वस्त असते ती करसवलतीमुळे. आतलं अल्कोहोल तेच. मात्र रोज पिणाऱ्याने कृपया एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.