आयएसओ ९००१ मधून प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन का गेलं: थोडी पार्श्वभूमी

आयएसओ ९००१, म्हणजे कंपनीने क्वालिटी कशी सांभाळायची याचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याची नवीन आवृत्ती येतेय म्हटल्यावर परत तेच प्रश्न सुरू झालेत, क्वालिटी मॅन्युअल ठेवायचं का, एमआर (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, क्वालिटी सिस्टीमसाठी नेमलेला माणूस) लागतो का, रिस्कची शीट बदलायची का. पण २०१५ ची आवृत्तीच बऱ्याच ठिकाणी अजून नीट उतरलेली नाहीये, आणि ती का उतरली नाही हे कळायचं तर त्यातून काय काढलं, मुख्य म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन (चूक घडायच्या आधीच करायचा उपाय), आणि ते आधी तिथे का होतं हे बघावं लागतं. मी १९९४ च्या आवृत्तीवर काम शिकलो, तेव्हा माझा भर त्या काळापासून पुढे जास्त असणार.

मूळ लष्करातलं आहे. १९५९ ला अमेरिकन लष्कराने पुरवठादारांसाठी एमआयएल-क्यू-९८५८ काढलं. माल आल्यावर तपासून सगळे दोष सापडत नाहीत, म्हणून माल जिथे बनतो तिथली पद्धतच बघायची, ही त्यातली कल्पना. १९७९ ला ब्रिटनमध्ये बीएस ५७५० आलं आणि १९८७ ला बरंचसं त्याच्याच वळणावर आयएसओ ९००१, ९००२, ९००३ असे तीन भाग आले. डिझाइन करणाऱ्यांना ९००१, डिझाइन न करता बनवणाऱ्यांना ९००२, फक्त शेवटची तपासणी दाखवायची असेल तर ९००३.

आपल्याकडे भोसरी, सातपूर, चिकलठाणा, शिरोली अशा औद्योगिक पट्ट्यात जॉबवर्क करणारे खूप, ड्रॉइंग कस्टमरचं, त्यामुळे नव्वदच्या दशकात गेटवर बोर्ड लागायचा तो ९००२ चा. छोट्या उद्योगांना सर्टिफिकेटच्या खर्चाचे ७५ टक्के, जास्तीत जास्त ७५ हजार रुपये, सरकारकडून परत मिळायची योजनाही होती. त्याने सर्टिफिकेटं वाढली, पण पैसे सर्टिफिकेट मिळाल्यावर मिळायचे, पद्धत सुधारल्यावर नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे फाइल आणि शॉप फ्लोअर (जिथे मशीन चालतात ती जागा) ही दोन वेगळी जगं तिथूनच झाली.

१९९४ च्या आवृत्तीत २० कलमं होती आणि कागदांच्या चार लेव्हल असायच्या: मॅन्युअल, प्रोसिजर, वर्क इन्स्ट्रक्शन, फॉरमॅट. २००० ला तिन्ही भाग एकत्र होऊन फक्त ९००१ उरलं, प्रोसेस अप्रोच (काम एकमेकांना जोडलेल्या प्रक्रिया म्हणून बघणं) आला, लेखी प्रोसिजर सहाच सक्तीच्या राहिल्या, आणि डिसेंबर २००३ पर्यंत सगळ्यांना बदलायचं होतं. २००८ ला नुसते खुलासे झाले, नवीन मागणी काही नव्हती. त्यानंतर सप्टेंबर २०१५.

२०१५ मध्ये दहा कलमांची नवी चौकट आली, क्वालिटी मॅन्युअलची सक्ती गेली, एमआर हे पद मानकातून गेलं, डॉक्युमेंट आणि रेकॉर्ड हे दोन शब्द जाऊन दोन्हीला डॉक्युमेंटेड इन्फर्मेशन म्हणायला लागले. हे बदल लोकांना चटकन कळले कारण ते डोळ्यांना दिसतात. एमआरचा बदल तर मला फार आवडला, कारण छोट्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, क्वालिटीचं काही निघालं की मालकासकट सगळे एका माणसाकडे बोट दाखवायचे आणि ऑडिटच्या आधी पंधरा दिवस तो एकटाच रात्री उशिरापर्यंत बसायचा. पण खरा वाद होता, आणि माझ्यासाठी अजूनही आहे, तो प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शनचा.

हे कलम कसं आलं ते बघा. १९८७ मध्ये कलम ४.१४ च्या मथळ्यात फक्त (घडलेली चूक परत होऊ नये म्हणून करायची) करेक्टिव्ह अ‍ॅक्शन होतं. १९९४ ला मथळा करेक्टिव्ह अँड प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन झाला आणि दोन्हींना वेगळी पोटकलमं मिळाली. २००० ला ती ८.५.२ आणि ८.५.३ झाली आणि दोन्हीला लेखी प्रोसिजर सक्तीची. म्हणजे एकवीस वर्षं हा शब्द मानकात मानाने नांदला, आणि त्यातूनच कापा (सीएपीए, करेक्टिव्ह आणि प्रिव्हेंटिव्हची आद्याक्षरं) हा शब्द आला जो आज प्रत्येक क्वालिटीवाल्याच्या तोंडात आहे.

गोंधळ या जोडीतच आहे. एक साधं उदाहरण घेतो. जॉबमधलं बोअर, म्हणजे भोक, २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये यायला पाहिजे. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला, ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलचं माप) चुकला, आणि चाळीस जॉब २५.०३ ला गेले. ते चाळीस जॉब वेगळे काढले, लाल ट्रेमध्ये टाकले, हे नुसतं करेक्शन. मग विचारलं की असं का झालं, तर इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब चेक न करताच सेटरने सायकल चालू ठेवली होती, म्हणून नियम केला की इन्सर्ट बदलला की पहिल्या जॉबवर सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही करेक्टिव्ह अ‍ॅक्शन. मग प्रिव्हेंटिव्ह कोणती? बहुतेक जण सांगतील की हाच नियम बाकीच्या तीन मशीनला लावला ती. तेही पूर्ण बरोबर नाही, कारण सुरुवात घडलेल्या चुकीपासूनच झालीये. खरी प्रिव्हेंटिव्ह म्हणजे, आपल्याकडे भोक मोजायची बोअर गेज एकच आहे आणि ती कॅलिब्रेशनला (माप बरोबर दाखवते का तपासायला) गेली की दोन दिवस मशीन कशावर चालणार हे काही घडायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात येणं आणि दुसरी गेज मागवणं. तिथे एकही जॉब रिजेक्ट झालेला नाही, कंप्लेंट नाही, काहीच नाही.

आता कापाचा फॉरमॅट आठवा. एकच पान, वर प्रॉब्लेम, मध्ये कारण, मग करेक्टिव्हचा चौकोन आणि त्याच्या खाली प्रिव्हेंटिव्हचा. फॉर्म उघडायचाच तो काहीतरी घडल्यावर, मग न घडलेल्याचा चौकोन त्यात भरणार कसा? त्यात मी वर्षानुवर्षं एकच वाक्य बघितलंय, ऑपरेटरला सूचना दिली. मीही लिहिलंय. ऑडिटर ते बघून टिक करायचा आणि पुढे जायचा. मानक लिहिणाऱ्यांना हे सगळीकडून कळत होतं, आणि २०१५ मध्ये त्यांनी म्हटलं की अख्खी सिस्टीमच प्रिव्हेंशनसाठी आहे, मग त्याचं वेगळं कलम कशाला, तो विचार सुरुवातीला प्लॅनिंगमध्येच यायला हवा. म्हणून ६.१ मध्ये रिस्क आणि ऑपॉर्च्युनिटी आले, आणि सारखीच चूक दुसरीकडे होऊ शकते का बघा हा भाग १०.२ मध्ये करेक्टिव्ह अ‍ॅक्शनच्या पोटात गेला. वरच्या उदाहरणातली बाकीची तीन मशीन १०.२ मध्ये आणि दुसरी गेज ६.१ मध्ये. विचार म्हणून हे अगदी बरोबर आहे, मला यात काहीच खोट दिसत नाही.

पण नाव काढलं आणि हातात धरायला दिलं काय? रिस्क. या शब्दाची व्याख्या दिलीये अनिश्चिततेचा परिणाम, तो चांगला किंवा वाईट कसाही असू शकतो, आणि तरी शेजारी ऑपॉर्च्युनिटी हा वेगळा शब्द आहेच. शॉपमधल्या माणसाने यातून काय घ्यायचं? त्याला रिस्क म्हणजे विमा, आग, अपघात एवढंच माहीत. खरं तर आपल्याकडे जोखीम हा शब्द जास्त जवळचा होता, लग्नाला जाताना घरातली मोठी माणसं म्हणतात ना, अंगावर जोखीम आहे, सांभाळून जा. तिथे जोखीम म्हणजे धोका नाही, दागिने, आपल्या ताब्यातली मोलाची वस्तू. तुमच्याकडे सांभाळायचं काय आहे आणि ते कशाने जाऊ शकतं, असं मराठीत विचारलं की सेटरसुद्धा पाच मिनिटात गेजचं नाव घेतो, हे मी स्वतः करून बघितलंय.

झालं मात्र वेगळंच. मानकाच्या मागच्या खुलाशात स्पष्ट लिहिलंय की रिस्क मॅनेजमेंटची औपचारिक पद्धत किंवा लेखी प्रोसेस सक्तीची नाही, आणि ६.१ मध्ये कागद ठेवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तरी सप्टेंबर २०१८ ची मुदत जवळ आली तशा सगळीकडे एक्सेलच्या शीट फिरायला लागल्या, शक्यता एक ते पाच, तीव्रता एक ते पाच, गुणाकार, आणि लाल पिवळा हिरवा. कारण ऑडिटर विचारणार दाखवा, आणि दाखवायला कागद लागतो. एका शॉपची शीट मी बघितली, उंच माळावरचं शॉप, त्यात पूर होता, भूकंप होता, लाईट जाणं होतं, आणि बोअर गेज एकच आहे हे नव्हतं. ती शीट दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची होती, फक्त नाव बदललेलं. मालकाला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की जुना खालचा चौकोन म्हणजेच हे आहे, फक्त जागा बदललीये. मानकाने कलम काढलं तेव्हा हा पूल बांधायला हवा होता, आणि माझ्या मते तो न बांधणं ही २०१५ ची सगळ्यात मोठी चूक.

याला पुरावा म्हणून ऑटोवाल्यांकडे, म्हणजे गाड्या आणि त्यांचे पार्ट बनवणाऱ्यांकडे, बघा. त्यांचं मानक आधी क्यूएस ९०००, मग टीएस १६९४९, आणि २०१६ पासून आयएटीएफ १६९४९. ते ९००१ च्या वरच उभं आहे, पण त्यांनी प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन ६.१.२.२ म्हणून स्वतःहून परत घातलं, आणि क्वालिटी मॅन्युअलसुद्धा ठेवलं. चाकण-भोसरीतल्या व्हेंडरला म्हणूनच दोन्हीकडून वेगळं ऐकू येतं, ९००१ चा ऑडिटर म्हणतो हे कलम आता नाही, आणि कस्टमरचा माणूस येऊन म्हणतो प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन दाखवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे छोटा माणूस दोन फाइली सांभाळत बसतो.

त्यानंतर फेब्रुवारी २०२४ ला एक छोटी दुरुस्ती आली, ४.१ आणि ४.२ मध्ये हवामान बदलाचा विचार करा म्हणून. आणि पुढच्या आवृत्तीचा मसुदा २०२५ मध्ये सगळ्यांसमोर आला. त्यात क्वालिटी कल्चर आणि नैतिक वागणूक नेतृत्वाच्या कलमात आहे, आणि रिस्क आणि ऑपॉर्च्युनिटी वेगवेगळ्या पोटकलमात काढलेत. हे दोन शब्द एकत्र बांधल्याने लोक गोंधळले हे त्यातून मान्य केलंय, असं मी तरी वाचतो. प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन नावाचं कलम मात्र परत आलेलं नाहीये. मी जिथे मदत करतो तिथे कापाच्या पानावरून खालचा चौकोन काढून टाकलाय, आणि टूल क्रिबच्या (टूल ठेवायच्या खोलीच्या) दाराशी एक वही लटकवलीये, वर लिहिलंय अजून घडलं नाही पण घडू शकतं. पहिली नोंद एका हेल्परची होती, कूलंटच्या टाकीचा लेव्हलचा काटा अडकतो म्हणून.