जुन्या गाडीचं इंजिन बांधायचंय? मशीन शॉपबद्दल आधी हे वाचा

आमच्याकडे जुन्या गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. म्हणजे फियाट, ॲम्बॅसॅडर, विलीस जीप, हेराल्ड, बीटल, शिवाय १९६१ च्या आधी गोव्यात उतरलेल्या आणि आता कोणाच्या तरी भाटातल्या शेडमध्ये सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाखाली पडून असलेल्या ज्या काही असतील त्या. आमचं गॅरेज फोंड्याजवळ आहे आणि छोटं आहे. आम्ही इंजिन उतरवतो, उघडतो, मोजतो आणि परत बांधतो, पण बोरिंग (सिलेंडरचं भोक मापात कापणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं), हेडचं मशीनिंग ही कामं आमच्याकडे होत नाहीत, ती बाहेरच्या मशीन शॉपमध्ये जातात. मग बाहेर म्हणजे कुठे, गावातला लेथवाला का नको, बेळगावपर्यंत कशाला न्यायचं, इतके दिवस का लागतात, हे प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतोच, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. आणि तुम्ही आमच्याकडे काम दिलं नाहीत, स्वतःच शॉप शोधलंत, तरी हे उपयोगी पडेल.

लेथ आहे म्हणजे इंजिनचं काम येतंच असं नाही

गोव्यात मशीन शॉप कमी नाहीत. खाणींचे ट्रक आणि ट्रॉलर या दोघांनी डिचोली, कुडचडे, वास्को, मडगाव भागातल्या कित्येक शॉपना वर्षानुवर्षं काम पुरवलं. २०१२ ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या, त्यात काहींनी शटर ओढलं तरी हात चांगले असलेली माणसं आहेत अजून. फक्त त्यांचा हात बसलाय तो डिझेलवर. ट्रकच्या बऱ्याच इंजिनांना लायनर, म्हणजे सिलेंडरमध्ये बसवलेली सुटी नळी, असतं, जुनं लायनर काढलं, नवं बसवलं, किट टाकलं की झालं. तुमच्या फियाटला किंवा ॲम्बॅसॅडरला लायनर नाही, सिलेंडर थेट बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ब्लॉकमध्येच कापलेला आहे, तिथे जेवढं खरवडलं तेवढं गेलं, परत येत नाही. त्यामुळे तीस वर्षं ट्रकची कामं करणारा माणूससुद्धा तुमच्या गाडीला योग्य असेलच असं नाही, आणि उलट एखादा कोपऱ्यातला म्हातारा, ज्याची मशीन रंग उडालेली आहे, तो एकदम फक्कड काम देतो. मशीन नवी की जुनी यावरून आम्ही ठरवत नाही. तो मोजतो का, कसं मोजतो, आणि मोजलेलं लिहून देतो का, यावरून ठरवतो.

पहिली परीक्षा: तो पिस्टन मागतो का

शॉपमध्ये ब्लॉक घेऊन गेलात आणि समोरचा म्हणाला "ठेवा, २० मारून देतो, परवा या" (म्हणजे बोर, सिलेंडरचं भोक, २० थौ मोठा करून, एक थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर ब्लॉक उचला आणि परत घरी आणा. खरा बोरिंगवाला पहिलं विचारतो, पिस्टन आणलेत का? कारण बोर कापायचा तो हातातल्या पिस्टनच्या मापावर, डब्यावर छापलेल्या नंबरवर नाही. चारही पिस्टन वेगवेगळे मोजायचे, तेही कुठेही नाही, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिस्टन पिनच्या काटकोनात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर. पिस्टन मुद्दाम किंचित अंडाकृती केलेलं असतं, भलत्या जागी मायक्रोमीटर लावला की भलतंच माप येतं. कुठला पिस्टन कुठल्या सिलेंडरचा ते नंबर घालून ठेवतात आणि मग कापतात.

यात एक गोची कायम होते. ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसी इंजिन इंग्लंडच्या बीएमसीचं, त्याची मापं इंचात, बोर ७३.०२५ मिमी. फियाटचं १०८९ सीसी इटालियन, मापं मिलिमीटरमध्ये, बोर ६८ मिमी. आता २० थौ म्हणजे ०.५०८ मिमी, आणि बाजारात दुसऱ्या डब्यावर ०.५० मिमी लिहिलेलं असतं, दुकानदार म्हणतो एकच आहे हो. एकच नाही, ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक आहे. ऐकायला काहीच वाटत नाही, पण पिस्टन आणि बोरमध्ये जी जागा ठेवायची तीच मुळात ५०-६० मायक्रॉनच्या आसपास, त्यातले ८ असेच गेले. त्यात आपल्याकडचा मे महिना. ७३ मिमीचं ॲल्युमिनियम पिस्टन १० अंशांनी तापलं तर साधारण १७ मायक्रॉन फुगतं आणि बीड त्याच्या निम्म्याने. म्हणून गाडीच्या डिकीत तापलेले पिस्टन नेऊन लगेच मोजायला द्यायचे नाहीत, रात्रभर ब्लॉकच्या बाजूला ठेवायचे. जो शॉपवाला स्वतःहून असं सांगतो त्याच्याकडे आम्ही डोळे मिटून काम देतो.

जुना बोर किती झिजलाय हे बघायला प्रत्येक सिलेंडरमध्ये निदान सहा मापं लागतात, वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. झीज सगळ्यात जास्त वर असते, जिथे वरची रिंग वळते, कारण तिथे तेल कमी पोचतं आणि स्फोटाचा दाब जास्त. बोट फिरवलंत तर तिथे एक पायरी लागते. नुसत्या बोटावरून "अजून चालेल" म्हणणारे पण आहेत, असो. कापल्यावर होनिंग, म्हणजे दगडाने बारीक घासणं, झालं पाहिजे आणि त्यात तिरप्या रेषांची जाळी दिसली पाहिजे, साधारण ४५ अंशात. आरशासारखा चकचकीत बोर बघून गिऱ्हाईक खूष होतं पण त्यावर तेल टिकत नाही, रिंगा बसत नाहीत, आणि गाडी पहिल्या दिवसापासून निळा धूर मारते.

किती कापायचं? कमीत कमी, जेवढ्यात साफ होईल तेवढंच. १० थौमध्ये साफ होत असेल आणि त्या मापाचा पिस्टन मिळत असेल तर सरळ ४० का मारायचा? पुढच्या पिढीलाही कापायला थोडं ठेवा. आधीच कोणीतरी ६० केलेलं असेल तर स्लीव (सिलेंडरमध्ये बसवायची नळी) घालून परत स्टँडर्डला आणता येतं, ते काम मात्र प्रत्येकाकडे द्यायचं नाही.

क्रँक

क्रँकचं काम बघायला लोक शॉपवर जात नाहीत आणि खरं तर तिथेच जायला पाहिजे. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, गोल राहिले नसतील तर १०, २०, ३० थौ असे टप्प्याने ग्राइंड करून त्या अंडरसाईजचं बेअरिंग घालतात, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तिथे कोपऱ्यात एक छोटी गोलाई असते, तिला रेडियस म्हणतात, तो ग्राइंडिंगनंतरही तसाच राहायला हवा. त्यासाठी स्टोन त्या आकारात ड्रेस करावा लागतो, वेळ जातो, म्हणून घाईवाले सरळ काटकोन कोपरा सोडतात. असा क्रँक मोजला तर माप बरोबर येतं, गाडी पण चालते, आणि मग कधीतरी चोर्ला घाट चढताना त्या कोपऱ्यातूनच तुटतो. नखाने बघा, कोपरा धारदार लागला तर घेऊ नका.

दुसरं, तेलाची भोकं. क्रँकच्या पोटातून तिरपी भोकं जातात, तोंडाला प्लग असतात. ग्राइंडिंगची भुकटी तिथे जाऊन बसते आणि हवा मारून ती सगळी निघत नाही. एका शॉपमधून "धुऊन दिलाय" म्हणून आलेल्या क्रँकचे प्लग आम्ही आमच्या टेबलावर उघडले, केरोसीनमध्ये बुडवून लांब ब्रश फिरवला, तर ताटलीत काळी चिखलासारखी पेस्ट जमली, बोटांत चोळली की करकर वाजत होती. ती तशीच राहिली असती तर नवं बेअरिंग पहिल्याच तासात गेलं असतं. तेव्हापासून कोणाकडून पण क्रँक येऊ दे, प्लग आम्ही उघडतोच, आणि त्याचा एक दिवस बिलात धरलेला असतो.

हेड, व्हॉल्व्ह आणि आजचं पेट्रोल

हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) सगळेच करतात, त्यावर जास्त लिहीत नाही, फक्त "थोडं जास्त घासून द्या, पिकअप वाढेल" असं सांगू नका. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, एकदा गाडी तापली की वाकतं, आणि दर वेळी घासून ते पातळ होत जातं. आधी किती घासलंय ते मोजायचं. विलीसच्या साईड व्हॉल्व्ह इंजिनात हेड म्हणजे नुसतं झाकण, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह टेकतो ती सीट कापायला अख्खा ब्लॉकच न्यावा लागतो. बीटलचं तर सगळंच वेगळं, सिलेंडर सुटे मिळतात, ते बोर करत बसत नाहीत, पण दोन भागांचं क्रँककेस हलक्या धातूचं, त्याची मेन बेअरिंगची लाईन बिघडलेली असते आणि लाईन बोरिंग करणारा शोधावा लागतो.

पेट्रोलचं मात्र नीट समजून घ्या. २००० सालापासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोलच मिळतं. जुन्या इंजिनांत ते शिसंच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला वाचवत होतं, आता बिडाची सीट हळूहळू खचते, टॅपेटची गॅप आपोआप कमी होत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. हेड शॉपमध्ये गेलंच आहे तर कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या, नंतर परत उघडण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं नि तडकतं, म्हणून पेट्रोल पाईप आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आम्ही न विचारता बदलतो. त्यावरून वाद घालू नये, आग लागायची गोष्ट आहे.

युद्धाआधीची गाडी असेल, ऑस्टिन सेव्हनसारखी, तर बेअरिंग सुटं मिळत नाही, कनेक्टिंग रॉडमध्येच व्हाईट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) ओतलेलं असतं. ते वितळवून परत ओतणारे आणि नंतर मापात कापणारे आता मोजकेच राहिलेत. अशा कामाला आम्ही तारीख देत नाही म्हणजे नाहीच.

गोवा, बेळगाव की कोल्हापूर

हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, साधं बोरिंग आम्ही गोव्यातच करून घेतो, कारण कधीही जाऊन उभं राहता येतं. क्रँक ग्राइंडिंग आणि स्लीवची कामं बहुतेक वेळा बेळगावला उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला जातात. या दोन्ही शहरांत फाउंड्री आणि मशीनिंगची जुनी सवय आहे, कोल्हापुरात तर ऑईल इंजिनं बनत आलीत, बीड काय चीज आहे हे तिथल्या पोराला पण कळतं. मात्र लांब पाठवायचं म्हणजे पार्ट पॅक करणं, घाटातून नेणं, आणि फोनवर "झालंच आहे" ऐकत बसणं आलं. कुठल्याही नव्या शॉपला आम्ही पहिल्यांदा तुमचा ब्लॉक देत नाही, आधी एखादं किरकोळ काम देऊन बघतो. तुम्ही स्वतः शोधत असाल तर तेच करा, आणि शॉपमध्ये गेल्यावर तयार झालेली कामं कशी ठेवलीत ते बघा. क्रँक भिंतीला तिरका टेकवून ठेवलाय की उभा, बोरवर तेल आहे की गंज, चार गिऱ्हाइकांच्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकाच बादलीत आहेत का. ती बादली दिसली की चहा पिऊन निघायचं.

पाऊस आणि चवथ

इंजिन काढायला पावसाळा बरा, गाडी तशी पण घरातच असते. पण जून-जुलैच्या हवेत नुकताच होन केलेला बोर एका रात्रीत लाल होतो, किनाऱ्याजवळ तर विचारू नका. म्हणून शॉपमधून ब्लॉक ज्या दिवशी मिळतो त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, सुकवून, तेल चोळून प्लॅस्टिकमध्ये बांधतो. रिक्षात टाकून पावसातून आणायचा प्रकार नको. आणि दरवर्षी सगळ्यांनाच गाडी चवथीच्या आधी हवी असते. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचा आठवडा शॉपमध्ये माणसं नसतात, त्या घाईत केलेलं काम आम्हाला नको आणि तुम्हालाही नकोच असेल. एप्रिलमध्ये द्या, आरामात होतं.

कागदपत्रांचं थोडं

ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो आणि आरटीओत नोंद करावी लागते, म्हणून आम्ही शक्यतो मूळ ब्लॉकच वाचवतो. काही इंजिनांवर नंबर वरच्या सपाट भागालगत ठोकलेला असतो, फेसिंगमध्ये तो घासून जाऊ शकतो, त्यामुळे काम द्यायच्या आधी फोटो काढतो आणि शॉपवाल्याला खडूने खूण करून देतो. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ चे केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, पुनर्नोंदणीची ५ हजार. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणजे ॲम्बॅसॅडरमध्ये दुसरंच डिझेल बसवून वर व्हिंटेज म्हणायचं असेल तर जमणार नाही. शिवाय त्या नोंदणीवर रोज मडगाव-पणजी नोकरीला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

पैसे आणि येताना काय आणायचं

इंजिन उघडून मोजल्याशिवाय आम्ही पक्का आकडा देत नाही. उघडण्याचे पैसे वेगळे, मग मापांचा कागद तुमच्या हातात, तो घेऊन तुम्ही दुसरीकडे गेलात तरी आमची हरकत नाही. मशीन शॉपचं बिल जसंच्या तसं दाखवतो. जुने पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह परत देतो, भंगारात टाकत नाही, कारण दुर्मिळ गाडीचा पिस्टन ऑर्डरने करून घ्यायचा झाला तर तोच नमुना लागतो.

काम झाल्यावर सुरुवातीचे ५०० किलोमीटर गाडी दमाने चालवायची, एकाच स्पीडला ताणायची नाही, मग तेल बदलायचं, हेडचे बोल्ट परत टॉर्क करायचे आणि टॅपेट बघायचे, त्यासाठी गाडी आमच्याकडेच आणा, त्याचे पैसे घेत नाही. तेल साधं मिनरल २०डब्ल्यू५०, झिंक असलेलं. महागातलं सिंथेटिक भाच्याने दुबईहून आणलं असेल तर ते त्याच्याच गाडीत घाला.

पहिल्यांदा येताना गाडी ओढून आणू नका. आरसीचा फोटो, इंजिन नंबरचा फोटो, आधी कोणी काम केलं असेल तर त्याचं बिल किंवा निदान कुठल्या साली झालं ते, आणि गाडी शेवटची कधी चालली होती ते सांगा. बरीच वर्षं बंद असेल तर कृपा करून बॅटरी लावून किंवा ढकलून चालू करून बघू नका, अडकलेली रिंग तिथेच बोर ओरबाडते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, प्लग परत लावा, आणि आम्ही येईपर्यंत तशीच राहू दे.