मुंबई–दिल्ली हवाई अंतर व उड्डाणवेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा रतलाम-कोटामार्गे जाणारा लोहमार्ग १,३८४ किलोमीटरचा, तर रस्ता साधारण १,४०० किलोमीटरचा. हवाई अंतर कुठे ६१५ मैल, तर कुठे ७०८ मैल दिलेले आढळते. दोन्ही आकडे बरोबर आहेत; पहिले सागरी मैल (१.८५२ किमी), दुसरे साधे (१.६०९ किमी).

वेळेचे गणित इतके सरळ नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ जातीचे विमान उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेग धरते. त्या हिशेबाने प्रवास ८२ मिनिटांत संपायला हवा. प्रत्यक्षात चाके धावपट्टी सोडून पुन्हा टेकेपर्यंत बहुधा एक तास चाळीस ते पन्नास मिनिटे जातात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. मुंबईत ते बहुतेक वेळा पश्चिमेला समुद्रावर उड्डाण करून मग उत्तरेकडे वळते. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते; म्हणून दिल्लीत पश्चिमेचा वारा असेल, तर नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेकडे जाऊन, उलटे वळून उतरावे लागते.

तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते. ती विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून दिल्लीच्या गेटवर उभे राहीपर्यंतची. तिच्यात जमिनीवरचे रांगणे आणि थोडी राखीव मिनिटेही धरलेली असतात. उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते, त्याचे श्रेय बरेचदा या राखीव मिनिटांना असते.

जाण्यायेण्याच्या वेळेतही फरक पडतो. दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे २२ अंश कललेली आहे. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरचा पश्चिम वारा जाताना ताशी सुमारे ३७ किलोमीटरची मदत करतो आणि परतताना तेवढाच विरोध करतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून वाहणारे वाऱ्याचे झोत जोरात असतात. तेव्हा परतीला पाच-सात मिनिटे जास्त लागणे स्वाभाविकच. जाणारी विमाने ३३, ३५ किंवा ३७ हजार फुटांवर, तर येणारी ३४, ३६ किंवा ३८ हजारांवर ठेवतात, म्हणजे समोरासमोरच्या विमानांत किमान हजार फुटांचे अंतर राहते.

खोळंबा होतो तो मुख्यतः दोन्ही टोकांना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी किंवा पावसाळ्यात दृश्यमानता घटली की विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. दिल्लीत धावपट्ट्या अधिक आहेत, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे धुके सगळे वेळापत्रक बिघडवते. दाट धुक्यात उतरायला विमानातील यंत्रणा, धावपट्टीवरची यंत्रणा आणि वैमानिकांचे प्रशिक्षण अशा तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी कमी पडली तर विमान जयपूर, लखनौ किंवा अहमदाबादला वळवतात. त्या दोन महिन्यांत पुढचे विमान पकडायचे असल्यास पहाटेऐवजी दुपारी पोहोचणारे उड्डाण निवडावे आणि टर्मिनल तपासावे. दिल्लीत टी-१ हे टी-३ पासून वेगळे, काही किलोमीटरवर आहे. तिथून रस्त्याने जावे लागते.